मैनेची तहान

त्या उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आठवड्याऐवजी दहा-दहा दिवसांनी यायला लागला आणि आमच्या घरात पाण्याची चोरी सुरू झाली. चोर घरातलाच होता. माझी आठ वर्षांची भाची, मैना.

मिठागरावर गोड्या पाण्याचं काय मोल असतं, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. जिकडे बघावं तिकडे पाणीच, पण ओठाला लावायची सोय नाही. खारं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हानं आटू द्यायचं, तळाला बसलेलं मीठ दंताळ्यानं ओढून बांधावर ढीग लावायचे, हा आमचा पिढीजात धंदा. बांधाच्या टोकाला पत्र्याच्या दोन खोल्या. त्यात माझा धाकटा भाऊ, भावजय, मैना आणि मी. माझ्या उजव्या पायाची दोन बोटं शुगरनं गेली, त्याच वर्षी नवऱ्यानं मला माहेरी आणून सोडलं. आमच्या आईलाही शुगर होती. तिचा पाय गुडघ्यापासून कापला आणि सहा महिन्यांत तीही गेली. मी सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या पोटाला सुई टोचून घेते. औषधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठात ठेवते. मिठात उभं राहायचं काम मला जमत नाही, म्हणून चूल, घर आणि पाण्याचा निळा ड्रम माझ्या ताब्यात. ड्रमवर माझा पहारा असा, की भाऊसुद्धा तांब्या बुडवताना माझ्याकडे बघायचा.

मैना हे नाव मीच पाडलं, ती आठ दिवसांची असताना. पोरगी बडबड करील, घरात आवाज होईल, ही हौस. ती आजवर एक शब्द बोललेली नाही. मिठाचे खडे लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लावते, तासन्‌तास. एखादा खडा कुणी हलवला की डोकं पत्र्यावर आपटून घेते. हाक मारली तर वळत नाही, पण दोन वाफे पलीकडे दंताळं पडलं तर कानांवर हात ठेवते.

हे कुणाकडून आलं, यावर आमच्या घरात सात वर्षं भांडण चाललं होतं. खरं सांगायचं तर भांडण मीच चालवत होते. भावजयीचा एक मामा होता. जाळी विणायचा, कुणाशी बोलायचा नाही, एकाच ताटलीत जेवायचा, ती फुटली तेव्हा दोन दिवस उपाशी राहिला. भावजयीनंच नव्या नवलाईत हसत हसत ही गोष्ट मला सांगितली होती. पोर मुकी निघाल्यावर मी तो मामा उचलला आणि ऊठसूट तिच्या तोंडावर मारला. कालवण खारट झालं तरी मामा. ती ऐकून घ्यायची. दंताळं उचलून वाफ्यात उतरायची आणि दिवस मावळेपर्यंत वर यायची नाही.

उन्हाळ्याच्या आधी मिठागरावर दवाखान्याची गाडी आली होती. एक तरुण सिस्टर वही घेऊन घरोघर फिरत होती. मैना खडे मांडत बसली होती, तिच्याकडे सिस्टरनं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "हिला ऑटिझम आहे. कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

"सांगून काय गोळी मिळणार आहे?" मी म्हणाले.

"गोळी नाही. पण शिकवता येतं बरंच. घरात कुणाला शुगर आहे?"

"मला आहे. आईला होती. त्याचा इथं काय संबंध?"

ती जरा चाचरली. "काही घरांत दोन्ही दिसतं म्हणतात. नक्की कुणालाच ठाऊक नाही अजून. पण पोरीला सांगता येत नाही ना, म्हणून तुम्हीच लक्ष ठेवा. फार पाणी प्यायला लागली, सारखी लघवीला जायला लागली, वाळली, तर लगेच घेऊन या."

भावजय दारात उभी होती. सात वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडे मान वर करून पाहिलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणजे आता हे खापर आमच्या घराण्यावर? माझ्या मेलेल्या आईवर? मी सिस्टरला म्हणाले, "बाई, तुमची वही भरली असेल तर या आता."

ते शब्द मी त्याच दिवशी कानाबाहेर टाकले. मला ते नको होते.

टँकर लांबला तशी मैना बिघडली. आधी मधून-मधून तांब्या तोंडाला लावायची. मग ड्रमपाशीच बसून राहायला लागली. खडे तसेच पडून राहू लागले. मी अंगावर ओरडले की चार पावलं मागे जायची आणि पाठ वळली की पुन्हा ड्रमात डोकं. अंथरूण रोज ओलं. पाच वर्षांची असताना सुटलेली सवय परत आली. मी पटकूर बांधावर वाळत घालायची आणि म्हणायची, पाणी ढोसलं की दुसरं काय होणार.

एका दुपारी शेजारच्या खोलीतली बाई तिला मनगटाला धरून ओढत घेऊन आली. तिच्या पाठीमागे तिच्या घरातली सगळी माणसं.

"तुमच्या पोरीनं माझा हंडा उष्टा केला. तोंड घालून प्यायली, गुरासारखी! आम्ही काय पाणी तुमच्यासाठी राखतोय?"

"तिला कळत नाही गं."

"तुम्हाला तर कळतं ना?"

ऐकणाऱ्यांत मुकादम होता. तो माझ्या भावाला म्हणाला, "आधी पोरीला बांधून ठेव, मग कामाला ये." भाऊ हसला. मार खाल्लेला माणूस हसतो तसं. आणि घरात येऊन त्यानं मैनेच्या पाठीत एक धपाटा घातला. त्याचा हात मिठानं फुटलेला, भेगांत रक्त. धपाट्याचा आवाज नीट आला नाही, इतकी पोरीची पाठ हाडकुळी झाली होती. ते आम्हा तिघांनाही दिसलं. उन्हाळ्यात सगळीच वाळतात, असं मी म्हणाले.

त्या संध्याकाळी भावजय माझ्याजवळ येऊन बसली. पायांच्या चिरांत तेल भरत होती. खाली बघतच म्हणाली, "वन्सं, ती सिस्टर म्हणाली होती तसंच चाललंय बघा. तुमच्या मशीनवर एकदा बघायचं का?"

माझ्याकडे शुगर तपासायचं छोटं मशीन होतं, दवाखान्यानं दिलेलं. डबीत सात पट्ट्या शिल्लक होत्या. हे सगळं तिच्या-माझ्यापासून चार हातांवर, फळीवर. काखेत कळसा म्हणतात तो हाच. मी काय म्हणाले ते मला शब्द न्‌ शब्द आठवतं.

"पट्ट्या काय झाडाला लागतात? आणि तुझ्या मामाला कुठं होती शुगर?"

ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी मी ड्रमच्या झाकणावर दगड ठेवला आणि वरून सुंभ आवळलं. मैनेला सकाळी एक पेला, दुपारी एक, संध्याकाळी एक. बाकीच्यांना जेवढं तेवढंच तिलाही, यात अन्याय तो काय, असं मी मनाला समजावलं. ती दिवसभर सुंभाच्या गाठीशी झटत राहिली. बोटांची टोकं सोलली. रडली नाही. तिला रडायला येत नव्हतं, पाणीच नव्हतं तेवढं अंगात. हे आता कळतं. आणि मला सांगा, तहान म्हणजे काय हे मला नाही तर कुणाला ठाऊक असायला हवं होतं? माझी शुगर चढली होती त्या दिवसांत मी गुरांच्या हौदाला तोंड लावलं होतं. आईनं तेव्हा मला मारलं नव्हतं. आई म्हणाली होती, पी.

तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. एक सर पडली असती तर महिन्याचं मीठ विरघळून गेलं असतं. मुकादम बांधाबांधावर ओरडत फिरत होता. म्हातारे-कोतारे सगळे दंताळी आणि टोपल्या घेऊन उतरले. मी सुद्धा पायाला चिंध्या बांधून ढिगांवर ताडपत्री ओढायला गेले. मैना घरात आहे असं भावजयीला वाटलं, भावजयीबरोबर आहे असं मला.

ती सापडली वाफ्याच्या कडेला. पालथी पडून खारं पाणी पीत होती. मिठागरावर जन्मलेली पोर. रांगायला लागल्यापासून तिला ठाऊक होतं की ते पाणी तोंडात घ्यायचं नसतं.

भावानं तिला खांद्यावर टाकून घरी आणलं. तिला उलटी झाली, मग आणखी एक, मग नुसत्या कळा. पोट धरून वाकडी व्हायला लागली. पण घाबरलं कुणीच नाही. मिठागरावर दर वर्षी एखादं पोर खारं पाणी गिळतंच आणि त्यावरचा उपाय सगळ्यांना पाठ असतो. साखरपाणी पाजायचं. दर घटकेला, पोटात टिकेल तेवढं. शेजारची ती हंड्यावरून भांडलेली बाईच वाटीभर साखर आणि आपल्या हंड्यातलं पाणी घेऊन आली. "घ्या, लाजू नका. पोरापुढं कसलं भांडण," म्हणाली.

मी ड्रमवरचा दगड काढला. पेल्यात साखर ढवळली. चार चमचे, मग सहा. मैना घटाघटा प्यायली. मला बरं वाटलं. माझ्या हातून प्यायली म्हणून बरं वाटलं.

आभाळ तसंच होतं. भाऊ आणि भावजय परत वाफ्यावर गेले. भावजय दारातून तीनदा मागे वळली. मी म्हणाले, "जा गं, मी आहे ना."

दिवस मावळेपर्यंत मी पोरीला दहा-बारा पेले पाजले असतील. उलटी थांबली. ती निपचित झोपली, तेव्हा आम्ही म्हणालो, उतार पडला.

सकाळी तिचा श्वास ऐकून मी जागी झाले. भाऊ-भावजय पहाटेच वाफ्यावर गेले होते. धावून आलेल्या माणसासारखा खोल, मोठा, आणि पोरगी तर झोपलेली. हाक मारली, उत्तर कधीच मिळत नाही, म्हणून त्याचं काही वाटलं नाही. जवळ वाकले. तिच्या तोंडाला वास होता, सडायला आलेल्या फळांचा. तो वास मी एकदा घेतला होता. आईच्या शेवटच्या दिवशी, तिची उशी बदलताना.

फळीवरचं मशीन मी कसं काढलं मला आठवत नाही. एरवी त्या पोरीची नखं काढायची तर दोघांनी धरावं लागतं. त्या दिवशी मी तिच्या बोटात सुई खुपसली आणि तिनं बोट ओढलं नाही. पट्टीवर थेंब घेतला. मशीनवर आकडा यायला हवा होता. आकडा आलाच नाही. दोन अक्षरं आली. मी दुसरी पट्टी घातली, तिसरी घातली. तीच दोन अक्षरं.

नेमका तेव्हाच टँकर आला. अकराव्या दिवशी. बाहेर हंड्यांची रांग लागली, नळी लावायची घाई, धक्काबुक्की. मी मशीन घेऊन त्या गर्दीत घुसले आणि टँकरवाल्याच्या नाकासमोर धरलं. "बाबा, हे काय लिहिलंय?"

त्यानं वाचलं. त्याच्या बायकोला शुगर होती, हे नंतर कळलं. तो म्हणाला, "मोजता येत नाही इतकी वर आहे. कुणाची?"

"पोरीची."

त्यानं नळी तशीच खाली टाकली. "उचला. आत्ताच्या आत्ता."

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "पाणी तरी उतरव आधी." तेव्हा ती शेजारीण वळून त्याच्या अंगावर धावली. "तुझ्या घशाला कोरड पडली तर मर एक दिवस! जाऊ दे गाडी!" भाऊ-भावजय वाफ्यातून तसेच पळत आले, गुडघ्यापर्यंत मीठ. आम्ही केबिनमध्ये कोंबून बसलो. अख्खी वस्ती रिकामे हंडे घेऊन बघत राहिली आणि त्यांचं पाणी आमच्या पाठीमागे हिंदकळत निघालं.

वाटेत भावजय पोरीच्या तळपायांना चोळत होती. मध्येच म्हणाली, "शुगर आहे का वन्सं?"

"हो."

ती पुन्हा तळपाय चोळायला लागली. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

दवाखान्यात पोरीला आत नेलं. दोन तासांनी एक वयस्कर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. हातात कागद.

"घरात कुणाला शुगर?"

"मला. आमच्या आईला," मी म्हणाले.

"पोरगी बोलत नाही?"

"नाही. ऑटिझम आहे," भावजय म्हणाली. तो शब्द तिनं तोंडपाठ करून ठेवला होता. मला ठाऊक नव्हतं.

भाऊ पुढं झाला. सात वर्षं आमच्या भांडणात एक अक्षर न बोललेला माणूस. त्याचा आवाज चिरका निघाला. "डॉक्टरीणबाई, हे आमच्याकडून आलं का? दोन्ही? न बोलण्याचं पण?"

"शुगर व्हायला घराण्याचा थोडा हात असतो. ऑटिझमलाही असतो. दोन्हींचा एकमेकांशी काही धागा आहे का, यावर अजून शोध चाललाय. कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. एक झालं म्हणून दुसरं झालं, असं तर मुळीच नाही. आणि आईकडून का बापाकडून, याचा पोरीला काय उपयोग? मला हे सांगा, तहान कधीपासून होती?"

भावानं माझ्याकडे पाहिलं. भावजयीनं पाहिलं नाही.

मी सांगितलं. महिनाभर होती. ड्रमवर दगड ठेवला ते सांगितलं. तीन पेले सांगितले. खारं पाणी सांगितलं. साखरपाणी सांगायची वेळ आली तेव्हा जीभ उचलेना. "दहा-बारा पेले," मी म्हणाले. "सहा-सहा चमचे घालून."

त्यांनी लिहिणं थांबवलं. मग पुन्हा लिहायला लागल्या. "उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही," म्हणाल्या आणि आत गेल्या.

आम्ही तिघं बाकावर बसलो. भाऊ मधेच उठून भिंतीशी जायचा, कपाळ टेकायचा, परत यायचा. मला वाटत होतं, पोरगी गेली तर मीही मागं राहायचं नाही. घरात सुया आहेत, बाटली आहे, आपल्याला किती पुरेल हे आपल्याला ठाऊक आहे. हे मी शांतपणे ठरवत होते. वाईट याचं वाटतं, की तेव्हाही मी माझाच विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैनेनं डोळे उघडले. हातातली नळी उपटायचा प्रयत्न केला म्हणून तिचा हात फळीला बांधावा लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झगडतेय, म्हणजे वाचली." भाऊ जमिनीवर बसला आणि मोठमोठ्यानं रडला.

चौथ्या दिवशी सुया शिकायच्या होत्या. दिवसातून चार वेळा, जन्मभर. एक वेळ चुकली तर आणखी एकदा हेच. वॉर्डातल्या सिस्टरनं विचारलं, "घरी कोण देणार?"

मी तोंड उघडायच्या आत भावजय म्हणाली, "मी. त्यांचा हात नको लागायला माझ्या पोरीला."

सिस्टरनं तिच्या हातात सुई दिली आणि औषध ओढायला सांगितलं. सुईवरच्या रेघा केसासारख्या बारीक. वीस वर्षं मिठाच्या पांढऱ्या उन्हात बघून तिचे डोळे अधू झालेले. तिनं सुई खिडकीकडे धरली, जवळ घेतली, लांब धरली. बोटं चिरलेली, सुजलेली. चार रेघा हव्या होत्या, तिनं नऊ ओढल्या. सिस्टर म्हणाली, "एवढं दिलंत तर झोपेतच जाईल हो." भावाला दिली, त्याच्या फुटलेल्या बोटांत ती ठरेना. पुन्हा भावजयीनं घेतली. पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा तिनं सुई खाली ठेवली आणि ओठ चावून उभी राहिली. मी भिंतीशी. मला सुईची एकेक रेघ डोळे मिटून कळते. बोलायचा अधिकार मी घालवला होता.

शेवटी तीच म्हणाली, माझ्याकडे न बघता. "तुम्हीच द्या वन्सं. चारही वेळा. पण एकदासुद्धा विसरायचं नाही."

"नाही विसरणार."

"सुई म्हणत नाही मी."

पहिली सुई दिली तेव्हा मैनेला चौघांनी धरलं. तिच्या किंकाळीनं अख्खा वॉर्ड उठून बसला. तिनं माझ्या मनगटाचा चावा घेतला, रक्त आलं. मी हात काढला नाही.

दुपारच्या सुईची वेळ झाली. मी चार रेघा ओढल्या आणि खाटेकडे निघाले. मैनेनं मला येताना पाहिलं. सुई पाहिली. आणि ती खाटेवरून सरकत सरकत आईकडे गेली, तिच्या मांडीवर चढली आणि दोन्ही हातांनी तिची मान घट्ट धरून तिच्या गळ्यात तोंड लपवलं.

आठ वर्षांत ती पोरगी आपणहून कुणाच्या कुशीत गेली नव्हती. भावजयीचे हात हवेतच राहिले. पोरीच्या पाठीवर ते ठेवायचे कसे, हेच तिला कळेना. मग तिनं हळूच ठेवले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मैनेच्या खांद्यावरून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवून खूण केली, जरा थांबा.

मी सुई हातात धरून उभी राहिले.